काट्यावर विनू

आमचं दुकान नागपूरच्या इतवारीत आहे. तूर डाळ, चणा डाळ, थोडा तांदूळ, दिवाळीच्या आसपास रवा-मैदा. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की आमचे हमाल शंकरभाऊ ओल्या फडक्याने मोठा काटा पुसतात, बटण दाबतात, लाल आकडे थोडे नाचून शून्यावर येतात. मग दिवसाचं पहिलं वजन होतं. ते तुरीचं नसतं. माझा धाकटा भाऊ विनू चपला काढतो, खिसे रिकामे करतो, काट्यावर चढून समोरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहतो, आणि मी आकडा वहीत उतरवतो. आज ६२.३०० होता.

संध्याकाळी सहाला पुन्हा तेच.

रोजच्या गिऱ्हाइकांना सवय झाली आहे. नवीन कुणी असलं तर विचारतं, "काय भाऊ, पहिलवानकी सुरू केली काय?" शंकरभाऊ परस्पर सांगून टाकतात, "दवाखान्याचं काम आहे जी." एवढ्यावर पुढे कुणी विचारत नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. इतवारीत सगळे विचारतात. म्हणूनच विनूचं हे वजन आणि त्यामागचं त्याचं पाणी पिणं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

विनूला २००२ पासून स्किझोफ्रेनिया आहे. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, वय बावीस. आधी आम्ही 'टेन्शन' म्हणायचो, मग 'डोक्याचा त्रास', मग नुसतं 'त्याचं ते'. आवाज ऐकू येणं, संशय, रात्र रात्र जागणं, हे सगळं झालं. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं आहे. औषधं सुरू झाली, लागू पडली, तो दुकानात बसायला लागला. थैल्या शिवायच्या, बिलं लावायची, दुपारी आतल्या खाटेवर झोपायचं. आमची गाडी रुळावर आली असं आम्ही धरून चाललो होतो.

पाण्याकडे आमचं लक्षच गेलं नाही. का गेलं नाही तेही सांगतो. २०१३चा तो उन्हाळा नागपूरकरांना आठवत असेल, मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. त्या महिन्यात कोण पाणी पीत नव्हतं? दुकानासमोर आमच्या वडिलांच्या काळापासून रांजण असतो, वर लाल कपडा, बाजूला साखळीला बांधलेला पेला. तो दिवसातून चारदा भरावा लागायचा. विनू रांजणाशी उभा दिसला तर कुणाला काय वाटणार? उलट आई खूश व्हायची, "पाणी पिऊन राहिला बाप्पा, नाहीतर या औषधांनी किती उष्णता होते त्याला."

मग पावसाळा आला. मग दिवाळी गेली. डिसेंबरात सकाळी दहा डिग्रीला आम्ही सगळे दुलईतून हात बाहेर काढायला कुरकुरत होतो, आणि विनू मोरीत नळाला तोंड लावून उभा होता. पहाटे पाच. बनियन पुढून पूर्ण भिजलेलं. मी म्हटलं, "अबे, थंडीचा काय करून राहिला?" त्याने हाताने थांब अशी खूण केली आणि पीत राहिला. तो घुटक्यांचा आवाज मला अजून आठवतो. एकसारखा, न थांबता, मोटरपंप चालल्यासारखा.

आम्ही साखर तपासली. लॅबवाला म्हणाला, नॉर्मल आहे. आम्हाला आनंद झाला. घरात मधुमेह नाही म्हणजे काही नाही, असा आमचा हिशेब. आणि पाण्याने कुणाचं काय वाईट होतं? पाणी पाजणं हे पुण्य. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाव. दारूचं व्यसन लागलं तर माणूस चार ठिकाणी विचारतो. पाण्याचं कुणाला विचारणार?

पुढच्या दीड-दोन वर्षांत त्याचा दिवसाचा एक ठरावीक क्रम झाला, तो तेव्हा आम्हाला वाचता आला नाही. सकाळी विनू बरा असायचा, पेपर वाचायचा, भाव विचारायचा. दुपारनंतर चिडचिड. चार-पाच वाजता जीभ जड, चालताना भिंतीचा आधार, कधी कधी एकदम भडभडून उलटी, आणि उलटीत नुसतं पाणी. शेजारच्या दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, राग नका मानू, पण तुमचा विनू दिवसाढवळ्या पिऊन राहिला." मी रागावलो. पुढे कळलं की तो बरोबरच होता, फक्त काय पिऊन ते त्याला माहीत नव्हतं. रात्री झोपेत लघवी व्हायची. गादी गच्चीवर वाळत घालावी लागायची आणि आमची ही ती भल्या पहाटे नेऊन ठेवायची, आजूबाजूचं कुणी उठायच्या आत. सकाळी विनू पुन्हा ठीक. आम्ही डॉक्टरांना सांगितलं, संध्याकाळी आजार वाढतो. त्यांनी संध्याकाळची गोळी वाढवली. पाण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

२०१६च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, दुकानातच त्याला फिट आली. डाळीच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, मधल्या बोळात तो पडला, हात-पाय झटकले, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी कांदा आणला. शंकरभाऊंनी सगळ्यांना मागे सारून त्याला कुशीवर केलं. त्या दिवशी कुणी काही बरोबर केलं असेल तर ते तेवढंच.

ज्या दवाखान्यात नेलं त्याचं नाव लिहीत नाही. सीटी स्कॅन झाला, मेंदू ठीक निघाला. 'मिरगी' असं निदान झालं, कार्बामाझेपिन सुरू झालं, तिसऱ्या दिवशी घरी. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कुणी पाहिलं असेल तर ते कागदांत तरी नाही, मी फाइल तीनदा उलथी-पालथी केली. आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, कार्बामाझेपिन हे औषध स्वतःच सोडियम खाली आणतं. म्हणजे ज्या माणसाचं सोडियम पाण्यात विरघळून चाललं होतं त्याला आम्ही ते आणखी खाली ओढणारी गोळी सकाळ-संध्याकाळ आठवणीने देत होतो. बाराव्या दिवशी दुसरी फिट. या वेळी तो शुद्धीवर आलाच नाही. दुसऱ्या दवाखान्याच्या आयसीयूत अर्ध्या तासात रिपोर्ट आला: सोडियम ११५. असायला पाहिजे १३५ ते १४५.

तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी ड्यूटीवर होती. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "काका, हे पाणी किती पितात?" चौदा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला. मी म्हणालो, "खूप." ती म्हणाली, "म्हणजे किती?" मी डाळीचा व्यापारी. आयुष्यभर ग्रॅममध्ये बोलत आलो. आणि माझ्याकडे आकडा नव्हता.

तिने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपली मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकतात, पण त्यांना एक मर्यादा आहे, धडधाकट माणसाची तासाला साधारण एक लिटर, बस. त्याहून वेगाने प्यायलं तर पाणी अंगात तुंबतं. वरणात एक तांब्या पाणी जास्त झालं की मीठ तेवढंच असतं पण वरण अळणी लागतं, तसं रक्ताचं होतं. मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं, पेशी फुगतात. हात-पाय फुगले तर जागा आहे. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून आधी मळमळ, डोकेदुखी, अडखळणं, मग गोंधळ, मग झटके, मग बेशुद्धी, आणि वेळेत कळलं नाही तर मृत्यू. त्यात विनूसारख्यांमध्ये आणखी एक भानगड असते. अंगात पाणी धरून ठेवणारं एक हार्मोन असतं, एरवी पाणी जास्त झालं की ते गप्प बसतं. आजार उसळला असेल, मळमळत असेल, काही औषधं चालू असतील तर ते गप्प बसत नाही. तंबाखूतलं निकोटिनही त्याला चाळवतं. विनू दिवसाला पाच-सहा खर्रे खायचा. नागपूरकराला खर्रा काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोट घोट घोटतात, ती वस्तू.

आईला हे कळलं तेव्हा तिने लगेच उपाय काढला, "मीठ कमी झालं नं, मग मीठ देऊ." भाजीत मीठ, ताकात मीठ, लिंबाच्या सरबतात मीठ. डॉक्टर मुलीने डोक्याला हात लावला. "आजी, मीठ कमी नाही झालं, पाणी जास्त झालं. मीठ खाऊन ते आणखी पाणी पितील."

आयसीयूतली आणखी एक गोष्ट मला फार लागली. मला वाटलं होतं, सोडियम कमी आहे तर सलाइनने भरून टाका, झालं. त्यांनी दाट, ३ टक्क्यांचं सलाइन दिलं खरं, पण अगदी थोडं, मोजून, झटके थांबण्यापुरतं. आणि मग सगळी धडपड उलटी सुरू झाली, सोडियम फार वेगाने वर जाऊ नये याची. कारण पाणी बंद झालं की अशा माणसाची मूत्रपिंडं आपणहून सुटतात, लिटरच्या लिटर लघवी होते, आकडा उडी मारतो. आणि उडी मारली तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होऊ शकतं, माणूस वाचतो पण बोलणं, गिळणं, हात-पाय जाऊ शकतात. चोवीस तासांत आठच्या वर चढू द्यायचं नाही, असं त्यांनी धरलं होतं. दर चार तासांनी रक्त. ११५, ११८, १२१. आकडा भरभर वर जायला लागला तर मी खूश होत होतो आणि नर्सबाई काळजीत पडत होत्या. धंद्यात भाव असा चढला असता तर मी पेढे वाटले असते.

पाचव्या दिवशी विनूने डोळे उघडून मला ओळखलं आणि म्हणाला, "दादा, पाणी."

घरी आणल्यावर आम्ही जे केलं ते चूक होतं. गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद, मोरीला कुलूप, माठ माझ्या खोलीत, दुकानासमोरचा रांजण उचलून गोदामात. रांजण हलवला तेव्हा बाजारात चर्चा झाली, बापाने चालवलेली पाणपोई पोराने बंद केली म्हणून. घरात तर त्याहून वाईट. शेजारच्या काकू भिंतीवरून तांब्या द्यायच्या. विनू त्यांना सांगायचा, "मला पाणी देत नाहीत." आणि ते खरंच होतं. काकू आमच्या हिला म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या तोंडावर लेकराला कोंडून तहानेनं मारता काय वो? कोणत्या जन्मी फेडाल?" आई देवघरात रडत बसायची. तिच्या पदराआडून एकदा गडू सापडला.

एप्रिलातल्या एका दुपारी मी अचानक घरी आलो तर विनू कुठेच नव्हता. मागच्या खोलीतून ठक-ठक आवाज येत होता. कूलरची एक ताटी काढून भिंतीला टेकवलेली, आणि विनू गुडघ्यावर बसून, डोकं कूलरच्या आत घालून, टाकीतलं पाणी ओंजळीने पीत होता. आमच्या कूलरमधलं पाणी कसं असतं माहीत आहे, हिरवट, तळाशी गाळ, वर ताटीचा भुसा तरंगणारा. त्याने डोकं बाहेर काढलं. ओठाला, मिशीला ताटीचे पिवळे धागे चिकटले होते. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "थोडंसंच." लहानपणी बर्फी चोरताना पकडला गेला की हेच म्हणायचा, याच आवाजात.

मी तिथेच फरशीवर बसलो. कूलर आमचा, घर आमचं, आणि मी माझ्या भावाला त्यातलं पाणी चोरून प्यायला लावलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला विचारलं, रागावून नाही, "विनू, काहून पितो रे इतकं?" त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "गिळताना ते बोलत नाहीत."

एवढंच. पुन्हा विचारलं तर उत्तर दिलं नाही. कधी वेगळं सांगतो, आत जळतं म्हणतो, कधी घाण धुऊन काढायची आहे म्हणतो, कधी तोंड लाकडासारखं झालं म्हणतो. शेवटच्या कारणात तथ्य होतं. हात थरथरू नयेत म्हणून त्याला जोडीने दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं पडतं. ती मात्रा डॉक्टरांनी पुढे हळूहळू काढली.

माझी मुलगी फार्मसी शिकते. तिने मला शोधून दिलं की यात नवीन काही नाही. 'वॉटर इन्टॉक्सिकेशन' म्हणजे पाण्याची विषबाधा, या नावाने १९२३ साली राउनट्री नावाच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं. १९३३ साली अमेरिकेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची चोवीस तासांची लघवी मोजली तेव्हा ती निरोगी माणसांच्या जवळपास दुप्पट भरली. बरीच वर्षं आजार असलेल्या, रुग्णालयात राहणाऱ्या मनोरुग्णांमध्ये शंभरातल्या सहा ते वीस जणांना कमी-जास्त प्रमाणात ही सवय असते, असं पुस्तकात आहे. आजार सुरू झाल्यावर बहुतेकदा काही वर्षांनी ती लागते, म्हणजे घरचे जेव्हा सैल पडलेले असतात तेव्हा. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे. ऑटोवाल्यांच्या तोंडी तो चौक अजून पागलखाना चौकच. तिथल्या ओपीडीच्या बाकावर मी किती सकाळी काढल्या. आजूबाजूच्या कितीजणांच्या हातात दोन-दोन लिटरच्या बाटल्या असायच्या. मी त्या उन्हाच्या समजत होतो.

वजनाची युक्ती नव्या डॉक्टरांनी सांगितली. पाणी मोजायला गेलात तर तो तुमच्याशी लपंडाव खेळेल, ते म्हणाले, नळ आहेत, संडास आहे, शेजारी आहेत. वजन लपवता येत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळी उठून, लघवी करून जे वजन भरतं ते खरं वजन. दिवसभरात त्यावर जे चढतं ते बहुतेक पाणी. विनूसाठी त्यांनी हिशेब लावून दिला: दोन किलोपर्यंत वाढ चालेल. त्यावर गेला तर समोर बसवायचं, पाणी थांबवायचं, तासाभराने पुन्हा वजन. तीनच्या वर गेला तर सोडियम तपासायचं. साडेचार झालं किंवा उलटी, बरळणं, झिंगल्यासारखं चालणं दिसलं, तर वजनाची वाट न बघता दवाखाना. हे आकडे विनूच्या बासष्ट किलोचे आहेत, त्याच्या डॉक्टरांनी दिलेले. आपल्या माणसाचे आकडे आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

मी ऐकलं आणि मला हसूच आलं. वजन! अहो, माझ्याकडे पन्नास ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे, दरवर्षी शिक्का मारून घेतलेला. पहिल्या दिवशी सकाळी ६१.४००, संध्याकाळी ६५.९००. साडेचार किलो. कट्ट्यात एवढा फरक आला तर आम्ही गाडी परत पाठवतो.

कुलपं काढली. आईने तांब्या, लोटे माळ्यावर टाकले आणि चांदीचं फुलपात्र काढलं, तिच्या लग्नातलं. विनू मागेल तेव्हा पाणी मिळेल, पण फुलपात्राने, बसून, आणि तिच्या हातून. ती मुद्दाम हळू चालत जाऊन आणते, गुडघ्यांचं निमित्त आहेच. मधल्या वेळात जिभेवर ठेवायला बर्फाचा एक खडा, बडीशेप किंवा संत्र्याची गोळी. काकूंना मी घरी बोलावून वही दाखवली. आकड्यांपुढे त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तांब्या बंद आणि पाळत सुरू, "तुमचा विनू दुपारी बोअरिंगवर दिसला बरं का." मला ती पाळत आवडत नाही, पण उपयोगी आहे हे खोटं कसं म्हणू.

औषधही बदललं. क्लोझापिन. त्याने सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, विनूला पडला. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींसाठी रक्त द्यायचं, नंतर महिन्याला. या औषधाने रात्री लाळ गळते. ज्या माणसाचं तोंड लाकडासारखं कोरडं होतं त्याची उशी आता सकाळी ओली असते. आमची ही म्हणते, गादीपेक्षा उशी वाळवणं सोपं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. २०१९मध्ये तो पुन्हा ११९ वर गेला होता, लग्नघरी, जिथे आमचा काटा नव्हता. खर्रा पाचवरून दोनवर आला, सुटला नाही. आणि आमच्यात भांडणं होतात, मोठी. संध्याकाळी आकडा जास्त आला की तो मला पोलिस म्हणतो. मी दमलेला असेन तर मीही काहीतरी बोलून जातो.

नातेवाइकांचा एक छोटा गट आहे, महिन्यातून एकदा भेटतो. २४ मे हा जागतिक स्किझोफ्रेनिया दिन, दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. शहरभर फलक, भरपूर पाणी प्या, भरपूर पाणी प्या. ते बरोबरच आहे, माझ्या हमालांना मीही तेच सांगतो. एका वर्षी त्या दिवशी गटात मला दोन मिनिटं बोलायला उभं केलं. मी काटा आणि वही सांगितली. दोघं-तिघं हसले, पाणी पिणं हाही आजार असतो का म्हणून. चहाच्या वेळी एक बाई जवळ आल्या, साठीच्या, हातात मेणकापडाची पिशवी. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझा मुलगा फुलदाणीतलं पितो. मी कोणाले सांगतलं नाही." मग त्यांनी मला जे विचारलं ते कुठल्याही डॉक्टरने विचारलं नव्हतं, "काटा किती रुपयांचा येते?"

रांजण तीन वर्षांनी परत दुकानासमोर आला. लाल कपडा नवा. तो भरायचं काम विनूनेच मागून घेतलं. मला धाकधूक होती. पहिले काही दिवस मी गल्ल्यावरून डोळा ठेवून होतो. तो बादलीने भरतो, पेला विसळतो, येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः ओतून देतो, रिक्षावाल्यांना, हमालांना, शाळेच्या पोरांना. कधी कधी शेवटचा अर्धा पेला स्वतः घेतो आणि माझ्याकडे बघून एक बोट वर करतो, म्हणजे एक झाला, लिही.

परवा संध्याकाळी सहाला काट्यावर चढला. सकाळचं वजन ६२.१००, आता ६४.२५०. दोन किलोच्या दीडशे ग्रॅम वर. मी चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं, आता भांडण होणार म्हणून तयारच होतो. विनूने शांतपणे शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला आणि पोत्यावर ठेवला. ६४.०५०.

"मोबाइल पाणी पीत नाही, दादा," तो म्हणाला.

शंकरभाऊ कट्टा अर्धवट उचलून तसेच थांबले. मग हसायला लागले, मग मी. विनूचा चेहरा हलला नाही, तो कॅलेंडरकडेच बघत होता. मी ६४.२५० खोडलं, वर ६४.०५० लिहिलं, आणि बाजूला लहान अक्षरात 'मोबाइल वजा'.